काशीगावचं पाणी, लेहची थंडी

मुंबई परिसरातल्या थंडीचा नीचांक सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदला गेला: ७.४ अंश सेल्सिअस. त्यानंतर साठाहून अधिक हिवाळे उलटले, पण पारा त्याखाली उतरलेला नाही. मीरा-भाईंदरमधल्या काशीगावच्या माणसाला पाण्याची काळजी असते ती नळाला किती वाजता येतं, किती वेळ राहतं आणि टँकर मागवावा लागेल का, एवढीच. आलेलं पाणी पाइपातच गोठेल आणि पाइप फोडेल, ही शक्यता त्याच्या हिशेबात नसते.

पण काशीगाव महामार्गाला लागून आहे. घोडबंदर रस्ता जिथे येऊन मिळतो त्या काशिमीरा नाक्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ वर्सोव्याच्या पुलावरून वसईची खाडी ओलांडतो आणि मनोर, तलासरी, अहमदाबाद, जयपूर करत थेट दिल्ली गाठतो. तिथून उत्तरेला मनाली, मनालीहून लेह. गाडीतच झोपायची, रांधायची, आंघोळीची सोय असलेली कॅराव्हॅन असेल तर इथून निघालेलं कुटुंब एकही हॉटेल न शोधता हा सगळा रस्ता पार करू शकतं. त्यासाठी दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते आणि घोळ तिथेच होतो. ऑक्टोबरअखेर काशीगावात पंखे फिरत असतात, तेव्हा सुमारे ४,३०० मीटर उंचीवरच्या सरचूला रात्रीचा पारा शून्याच्या बराच खाली गेलेला असतो. इथल्या नळावर भरलेली टाकी त्याच गाडीतून तिथे पोचलेली असते. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून तर भर हिवाळ्यातही लाहौलमध्ये उतरता येतं. पूर्वी रोहतांगची खिंडच बर्फाने बंद व्हायची आणि हौशी माणसाला आपोआप आवर बसायचा.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेले कॅराव्हॅन पार्क उभे राहावेत, ही त्यातली मुख्य कल्पना. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानकही देशात आहे. असं असलं तरी आपल्याकडे पुष्कळ गाड्या मोठी व्हॅन किंवा टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आतून बांधून घेतलेल्या असतात. आतलं प्लंबिंग करणारा कारागीर घरांची, सोसायट्यांची कामं करून हात बसलेला. गोठून फुटलेला पाइप त्याने उभ्या आयुष्यात पाहिलेला नसतो. यात त्याचा दोष काही नाही, पण गाडी बांधताना चार-पाचशे रुपयांचे जे व्हॉल्व्ह बसवायचे राहून जातात, त्यांची खरी किंमत हिमाचलात कळते.

आधी गाडीत काय काय असतं ते पाहू. बाकाखाली किंवा चासीखाली ताज्या पाण्याची टाकी. तिच्यापुढे १२ व्होल्टचा छोटा पंप, पंपाच्या तोंडाशी जाळीची गाळणी. पंपापासून लाइन दोन वाटांनी फुटते. एक सरळ थंड पाण्याची, दुसरी गिझरमधून जाणारी गरम पाण्याची. त्या दोन्ही ओट्याच्या नळाला, बेसिनला, शॉवरला पोचतात. कमोडच्या फ्लशला एक फाटा. काही गाड्यांत मागच्या दाराशी पाय धुवायला शॉवर असतो. बाहेरचा होसपाइप जोडायचं एक तोंड असतं आणि पाणी उलटं बाहेर पडू नये म्हणून त्याच्या आत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. खाली सांडपाण्याच्या दोन टाक्या, एक ओट्या-बेसिनची आणि एक संडासाची. बेसिनखाली वास अडवणारा वाकडा ट्रॅप, शॉवरखाली नहाणी ट्रॅप. या प्रत्येक ठिकाणी पाणी थांबतं. टाकी रिकामी केली म्हणजे गाडी रिकामी झाली असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात टाकीनंतरच्या लाइनीत, गिझरमध्ये, पंपाच्या पोटात आणि ट्रॅपमध्ये कितीतरी लिटर पाणी उरलेलंच असतं.

हे पाणी गोठलं तर काय होतं? इतर बहुतेक द्रव गोठताना आक्रसतात, पाणी फुगतं. ४ अंशांपर्यंत तेही शहाण्यासारखं आक्रसत जातं, पण त्याखाली त्याची उलटी चाल सुरू होते आणि बर्फ झाला की आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. फ्रीझरमध्ये विसरलेली काचेची बाटली ज्याने फुटलेली पाहिली आहे त्याला हे सांगायला नको. मात्र या फुगण्यात किती जोर असतो याचा अंदाज बाटलीवरून येत नाही. १७८४-८५ च्या हिवाळ्यात क्युबेकमध्ये मेजर एडवर्ड विल्यम्स या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने लोखंडी बॉम्बगोळे पाण्याने भरून, तोंडाला बूच ठोकून रात्रभर बाहेर ठेवले. बुचं उडाली, आणि जिथे बूच घट्ट राहिलं तिथे गोळाच फुटला. कोंडलेल्या पाण्याचा बर्फ होताना शून्याखाली उतरलेल्या प्रत्येक अंशामागे सुमारे १३० वातावरणांइतका दाब तयार होऊ शकतो. उणे ५ अंशांना हा दाब ६०० च्या घरात जातो. घरगुती नळात दाब असतो दोन-तीन वातावरणांचा. त्यामुळे जाड पाइप घेऊन ही लढाई जिंकता येत नाही.

पाइप कुठे फुटतो, याबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. जिथे बर्फ होतो तिथेच भिंत फाटते असं आपण धरून चालतो. पुष्कळदा तसं होत नाही. पाइपात एका जागी बर्फाची गुठळी धरते आणि ती वाढत जाते. तिच्या आणि बंद नळाच्या मधे जे पाणी अडकलेलं असतं त्याला सरकायला जागा उरत नाही. ते पाणी अजून द्रवच असतं, पण त्याचा दाब चढत जातो आणि मग त्या टापूतली सगळ्यात कच्ची वस्तू जाते: एल्बो, गाळणीचं पारदर्शक भांडं, नळातलं प्लास्टिकचं कार्ट्रिज, पंपाचं डोकं, फ्लशचा व्हॉल्व्ह. म्हणून थंड देशांत कडाक्याच्या रात्री नळ बारीक सुरू ठेवतात. वाहतं पाणी सहजी गोठत नाही हे कारण त्यामागे आहेच. त्याहून मोठं कारण म्हणजे उघड्या नळामुळे दाब कोंडत नाही. फुटलेलं लगेच दिसतही नाही. बर्फ असेपर्यंत तोच भोक बुजवून ठेवतो. ऊन येतं, बर्फ वितळतो, पंप सुरू होतो आणि मग गादीखालून पाणी यायला लागतं.

उबदार मुलखातलं प्लंबिंग थंडीत सापडलं की काय होतं, हे फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासने पाहिलं. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांत मराठी वस्ती भरपूर. तिथल्या अनेक घरांचे पाइप माळ्यावरून, छपराखालून फिरवलेले, कारण नेहमीच्या हिवाळ्यात काही बिघडत नाही. ध्रुवाकडची थंड हवा खाली उतरली, वीज गेली, घरं गार पडली आणि गावोगाव छतातून पाणी कोसळलं. शिकागो-टोरांटोकडे याहून कितीतरी कडक थंडी दरवर्षी पडते, पण तिथे हे सहसा घडत नाही. तिथली घरं थंडी गृहीत धरून बांधलेली आहेत, आणि पानगळ सुरू झाली की लोक अंगणातल्या तुषारांच्या लाइनीत कॉम्प्रेसरने हवा मारून घेतात, दारातली कॅराव्हॅन असेल तर तिचंही पाणी काढतात. आपल्या गाड्या या बाबतीत टेक्सासच्या घरांसारख्या आहेत.

आता काम. याचं सूत्र एवढंच, की पाणी काढा आणि जे काढता येत नाही त्याच्या जागी न गोठणारं काही भरा. सुरुवात गिझरपासून करावी, कारण भाजण्याचा धोका तिथे आहे. गिझर बंद करून पाणी पुरतं निवू द्यायचं. मग पंप बंद करून गरम पाण्याचा एक नळ उघडायचा, म्हणजे कोंडलेला दाब निघून जातो. दाब असताना गिझरच्या तळाचं बूच फिरवलं तर ते बूच आणि त्यामागचं पाणी दोन्ही अंगावर येतात. बूच काढलं की गिझरातलं पाणी निघतं. कॅराव्हॅनच्या बाजारात मिळणाऱ्या गिझरांत सहसा २३ किंवा ३८ लिटर पाणी मावतं. पोलादी टाकीच्या काही गिझरांत याच बुचाला मॅग्नेशियमची कांडी जोडलेली असते. पाण्यातली गंजण्याची क्रिया टाकीच्या पत्र्याऐवजी या कांडीला खाते. कांडी बाहेर आलीच आहे तर किती झिजली ते पाहावं आणि काटकी उरली असेल तर नवी आणावी. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांनी टाकीच्या तळाशी साचलेली चुन्याची भुकटीही याच वेळी धुऊन काढावी.

त्यानंतर ताज्या पाण्याची टाकी, आणि मग लाइनींच्या सगळ्यात खालच्या जागी बसवलेले दोन छोटे व्हॉल्व्ह, एक थंडचा, एक गरमचा. गाडी बांधून घेताना आग्रहाने मागावं असं जर एकच काही असेल तर ते हे दोन व्हॉल्व्ह. ते नसतील तर लाइनीतलं पाणी गुरुत्वाने निघायला वाटच राहत नाही. सगळे नळ, शॉवर, फ्लश उघडे ठेवून हे व्हॉल्व्ह उघडले की बरंचसं पाणी निघून जातं. पंप काही सेकंद चालवून त्याच्या पोटातलं पाणी बाहेर टाकायचं आणि लगेच बंद करायचा. गाळणीचं भांडं उघडून ओतून द्यायचं, पाण्याचा फिल्टर असेल तर कार्ट्रिज काढून घ्यायचं. बाहेरच्या शॉवरला लोक हमखास विसरतात. त्याचं कपाट बंद, नळ बंद, आणि फुटायला तोच सगळ्यांत पुढे.

उरलेल्या पाण्यासाठी दोन उपाय आहेत. पहिला हवेचा. होसपाइपच्या तोंडाला टायरच्या व्हॉल्व्हसारखं जोड-बूच लावून कॉम्प्रेसरची हवा आत सोडायची आणि एकेक नळ उघडून पाण्याचा शिडकाव थांबेपर्यंत थांबायचं. आपल्याकडे हायवेवर दर दहा मैलांवर पंक्चरवाला असतो, त्यामुळे हा उपाय सोयीचा. मात्र त्याला आधी सांगावं लागतं, की ३० ते ४० पीएसआयच्या वर हवा नको. ट्रकच्या टायरला तो १०० च्या पुढे हवा भरतो. तेवढी या पाइपांत गेली तर बर्फाने जे केलं असतं ते हवाच करील. दाब वाढवण्यापेक्षा वेळ वाढवावा, प्रत्येक नळाला दोनदा फेरी करावी.

दुसरा उपाय न गोठणाऱ्या द्रवाचा. परदेशात तो गुलाबी रंगाच्या कॅनमध्ये मिळतो. त्यातला मुख्य घटक सहसा प्रॉपिलीन ग्लायकॉल. पंपात पाणी ओढणारी नळी थेट कॅनमध्ये बुडवायची, पंप चालू करायचा आणि प्रत्येक नळ गुलाबी धार येईपर्यंत उघडायचा, थंडचा आणि गरमचा दोन्ही. फ्लशही. शेवटी दोन-दोन पेले ट्रॅपमध्ये ओतायचे. गिझरला वळसा घालणारा बायपास व्हॉल्व्ह असेल तर मध्यम गाडीला ८ ते १२ लिटर पुरतात. बायपास नसेल तर आधी सगळा गिझर या द्रवाने भरावा लागतो आणि पैसे तिथेच बुडतात. कॅनवर उणे ५० असा आकडा ठळक छापलेला असतो. तो फॅरनहाइटचा, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे ४६. तिथवर पाइप फुटत नाही एवढंच त्याचं म्हणणं. प्रत्यक्षात उणे ११-१२ अंशांच्या आसपास त्या द्रवाचा मऊ भुगा व्हायला लागतो. हा भुगा घट्ट बर्फासारखा अडून बसत नाही, सरकत राहतो, म्हणून पाइप वाचतो. पण त्यात अर्धं पाणी मिसळलेलं राहिलं तर हा हिशेब कोसळतो. म्हणून आधी पाणी पूर्ण काढायचं, मग द्रव भरायचा.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढची चूक पाइपावर न बेतता जिवावर बेतते. तो गुलाबी कॅन आपल्या बाजारात सहज दिसत नाही, आणि मग कुणीतरी सुचवतं, रेडिएटरचा कूलंट टाका की, तोही गोठत नाही. गाडीच्या कूलंटमध्ये सहसा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोडसर आणि शरीरात गेल्यावर ऑक्झॅलिक आम्लात बदलून मूत्रपिंडं निकामी करणारं विष आहे. पिण्याच्या लाइनीत त्याचा थेंबही जाता कामा नये, कितीही धुऊ म्हटलं तरी. त्याचंच भावंड डायएथिलीन ग्लायकॉल. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले, कारण त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. चार दशकांनी, २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून तेच रसायन वीसहून अधिक मुलांच्या जिवावर उठलं. त्यांतल्या बऱ्याच मुलांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. ही सगळी द्रव्यं दिसायला सारखी, गोडसर आणि दाटसर असतात, आणि स्वस्तातलं महागाच्या पिंपात घालण्याचा मोह व्यापारात जुना आहे. म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉल घ्यायचंच असेल तर औषधनिर्मितीच्या प्रतीचं, सीलबंद आणि पावतीसह घ्यावं. रसायनांच्या गल्लीतून सुटं कॅनभर आणू नये. माझं मत विचाराल तर आपल्या गाड्यांना या द्रवाची गरजच नाही. हवा मारून, ट्रॅप फडक्याने कोरडे करून काम भागतं.

गाडी बंद करून ठेवण्याऐवजी थंडीत तिच्यात राहायचंच असेल तर गणित बदलतं. त्यासाठी पाण्याचा आणखी एक गुण ध्यानात घ्यावा लागतो. एक लिटर पाणी २० अंशांवरून शून्यावर आणायला २० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. त्या शून्य अंशाच्या पाण्याचा बर्फ करायला आणखी ८०. म्हणजे १०० लिटरची भरलेली टाकी एका रात्रीत सहसा दगड होत नाही. तिच्यातली उष्णता निघून जायला वेळ लागतो. पेन्सिलीएवढ्या नळीतलं पाणी मात्र तास-दोन तासांत जातं. आधी गाडीबाहेरची बारीक नळी, मग चासीखालून गेलेली लाइन, मग कपाटातली, सगळ्यात शेवटी टाकी. वाऱ्यामुळे ही घाई वाढते. हवेच्या तापमानाखाली वारा कशालाच नेत नाही, पण तिथवर पोचण्याचा वेळ तो निम्म्यावर आणतो.

पाण्यात उष्णतेचा एवढा साठा असतो, हे निफाडच्या द्राक्षबागायतदाराला पुस्तक न वाचता ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला नीचांक पेपरात आला की तो रात्री बागेला विहिरीचं पाणी सोडतो आणि पहाटे बांधाबांधाने शेकोट्या पेटवतो. जमिनीखालून आलेलं पाणी हवेपेक्षा बरंच उबदार असतं. ते आपली ऊब मुळांपाशी, घडांपाशी सोडत राहतं आणि सूर्य उगवेपर्यंतचा नाजूक वेळ टळतो.

महाराष्ट्रात गाडीतलं पाणी गोठेल अशी जागा आहे का? महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर आणि लिंगमळ्याला दर हिवाळ्यात दवाचे हिमकण होतात, गाड्यांच्या टपावर पांढरा थर धरतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतात. पण त्याच पहाटे गावातल्या हवेचं तापमान सहसा शून्याच्या वर काही अंश असतं. निरभ्र रात्री टप, गवत, होडीचा काठ हे आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकून हवेहूनही गार होतात, आणि सखल जागी थंड हवा तळ धरते. त्यामुळे वेण्णाकाठी मुक्काम केला तर गाडीच्या आतलं प्लंबिंग सुरक्षित आहे. धोका असलाच तर टपावरच्या त्या काळ्या पाइपाला, ज्यात उन्हावर पाणी तापवून आंघोळ करतात. तो रात्री आकाशाकडे तोंड करून पडलेला असतो. संध्याकाळी तेवढा रिकामा करावा. बाकी महाराष्ट्रात कुणी तुम्हाला न गोठणारा द्रव विकायला आला तर त्याला नमस्कार करावा.

लाहौल, स्पिती, लडाख इथे माझा सल्ला साधा आहे. रात्रीचा पारा उणे ५ च्या खाली जाणार असेल तर लाइनीतलं पाणी काढून टाका आणि कॅन-बादलीवर या. २० लिटरचे दोन कॅन गाडीच्या आत, झोपण्याच्या जागेजवळ ठेवले तर तुमच्या श्वासाची आणि हीटरची ऊब त्यांना पुरते. लेहमधली माणसं हिवाळ्यात अशीच राहतात. जानेवारीत पहाटे पारा उणे १० ते १५ ला जातो, कित्येक घरांतले नळ बंद केले जातात, पाणी भरून आणतात. परंपरेने घरात कोरडे संडास असतात. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे जिथे नळ बंद करतात, तिथे पाहुण्याने शॉवर चालवण्याचा हट्ट कशाला? गाडी बांधताना घरगुती सीपीव्हीसी किंवा हिरवा पीपीआर पाइप वापरला असेल तर आणखी जपावं. थंडीत हे पाइप ठिसूळ होतात आणि खडबडीत रस्त्याचा हादराही त्यांना पुरतो. थोडं ताणलं जाऊन पूर्ववत होणारा पेक्स पाइप यात कितीतरी सरस.

जाता जाता डिझेलचंही सांगायला हवं, कारण पाणी गोठण्यापासून वाचवणारा हीटर बहुधा डिझेलवर चालतो. आपल्याकडच्या साध्या डिझेलमधलं मेण थंडीत गोठून फिल्टर तुंबतात. इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल २०१९ मध्ये आणलं ते याचसाठी. काशिमीऱ्याला काठोकाठ भरलेली टाकी घेऊन थेट वर चढू नये. वाटेत ती रिकामी होऊ द्यावी आणि तिकडचं डिझेल भरावं.

आता घरी परत. सहलीहून आलेली गाडी काशीगावात वर्षातले कितीतरी महिने उभीच असते, आणि इथे तिचा वैरी बर्फ नाही. इथे वैरी आहे थांबलेलं कोमट पाणी. मीरा-भाईंदरला स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून जे पाणी येतं ते क्लोरीन घालून येतं. बंद टाकीत काही दिवसांत तो क्लोरीन उडून जातो. मग टाकीच्या भिंतीला हाताला बुळबुळीत लागणारा थर धरतो. तो जिवाणूंची वसाहत असते आणि नुसत्या पाण्याने खंगाळून जात नाही. २० ते ४५ अंश हा लिजिओनेला जिवाणूच्या वाढीचा पट्टा. उन्हात उभ्या गाडीतली टाकी वर्षभर नेमकी त्याच पट्ट्यात असते. हा जिवाणू पिण्यातून सहसा बाधत नाही, शॉवरच्या तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया करतो. फिलाडेल्फियात १९७६ मध्ये झालेल्या एका मेळाव्यानंतर तो पहिल्यांदा ओळखू आला.

आणि डास. डेंग्यू पसरवणारा एडिस स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं, त्याचं कारण हेच. उभ्या गाडीच्या टाकीला कोरडा दिवस कुणी पाळत नाही. टाकीच्या श्वासनळीला, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपाला, बारीक जाळी बांधावी. एडिसची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून टाकी ओतून दिली तरी आतून घासायला हवी. पावसाळ्याच्या तोंडावर, मे अखेरीस, वर सांगितल्याप्रमाणे सगळं पाणी काढावं आणि नळ उघडे, झाकणं उघडी, कपाटांची दारं उघडी ठेवून गाडी दोन दिवस उन्हात वाळू द्यावी. ट्रॅप कोरडे झाले की सांडपाण्याच्या टाकीचा वास गाडीत येतो. त्यासाठी इथे ट्रॅपमध्ये थोडं पाणी आणि वर चमचाभर खाद्यतेल सोडावं. तेलाच्या थराखाली पाणी लवकर आटत नाही, डासालाही थारा मिळत नाही.

पुन्हा प्रवासाला निघताना टाकी आणि लाइन निर्जंतुक करायची. गावोगावच्या ग्रामपंचायती विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर इथे चालते. ताज्या पावडरीत साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतो. १०० लिटरच्या टाकीला १५ ग्रॅम घेतली तर लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन मिळतो, आणि या कामाला तेवढा हवा. पावडर थेट टाकू नये, बादलीत कालवून, साका खाली बसू देऊन फक्त निवळी ओतावी. नाहीतर चुन्याचे खडे पंपात जातात. पावडरीऐवजी ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर घेतलं तरी हिशेब तोच. पाण्याचा फिल्टर काढून ठेवलेला असावा. प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पंप चालवायचा, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी सगळं ओतून वास जाईपर्यंत दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवायचं. हे करताना कमोडमध्ये आम्लाचा टॉयलेट क्लीनर पडलेला नाही याची खात्री करा. दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि गाडीसारख्या बंद जागेत तो घातक ठरतो. सांडपाणी रस्त्याकडेच्या ओढ्यात सोडू नका, हेही सांगून ठेवतो, कारण महामार्गावर ते सर्रास चालतं.

गाडी रिकामी करून उभी केली की एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘टाकी रिकामी आहे. बूच काढलं आहे. गिझर लावू नये.’ आणि तो स्टीअरिंगला बांधा. कोरड्या गिझरचं एलिमेंट बटण दाबल्यावर काही क्षणांत जळतं. पुढच्या वेळी गाडी काढणारा तुमचा भाऊ असेल किंवा भाचा, त्याला हे कुणी सांगितलेलं नसेल.